तीन नंबरची हाक

२७ डिसेंबर, गुरुवार. कॉनवी

आज किल्ल्याखाली सायकली टेकवून आम्ही चौघी चहाला थांबलो, आणि मला एकदम ती दुपार आठवली. त्या दुपारी काही घडलं नव्हतं. आम्ही अकरा-बारा वर्षांच्या. कॉन्व्हेंटच्या मुलींची रांग समुद्राच्या भिंतीवरून फिरायला निघालेली, जानेवारीतलं धुकं, सर्वांत पुढे सिस्टर इटा. धुक्यात कुणी हरवू नये म्हणून तिने पाचापाचांचे गट करून नंबर दिले. ती थांबली की पुढून एकेकीने आपला नंबर ओरडायचा. बेथन एक, मेन्ना दोन, एलेरी तीन, दिलिस चार, मी पाच. दिलिसच्या खिशात रुमालात गुंडाळलेला 'बारा ब्रिथ' म्हणतात तो चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा पाव होता. तो हातोहात पुढे गेला आणि हातोहात मागे आला. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा एक बेदाणा उरला होता, तोही एलेरीने चाटलेला. तिनेच तसं सांगितलं – मी तोंडात टाकल्यावर!

एवढंच. बावन्न वर्षं झाली.

नंबर तेच राहिले. नाताळ उरकला की उत्तरेच्या समुद्रापासून दक्षिणेच्या समुद्रापर्यंत सायकलने जायचं, हे आम्ही तिशीत सुरू केलं. नवरे हसले, मुलं रडली, आम्ही गेलो. रस्त्यातही तीच मोजणी. बेथन पुढे – ती मुलींना खेळ शिकवायची, अजून शिट्टी गळ्यात असते. मी सर्वांत मागे. मेंढ्यांचं फाटक आलं की शेवटच्या माणसाने ते लावायचं, मगच 'पाच' म्हणायचं. पाच ऐकलं की बेथन निघते, मागे वळून बघत नाही.

दिलिस जाऊन आठ वर्षं झाली. तिचा नंबर आम्ही कुणाला दिला नाही. चार मीच म्हणते, तिच्यासारखा जरा नाकातून, मग माझा पाच. पहिल्या वर्षी मेन्ना रडली होती. आता कुणाला वेगळं वाटत नाही.

चहानंतर एलेरी मला चर्चच्या आडोशाला घेऊन गेली. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही म्हणे. फेब्रुवारीत ऑपरेशन. तोवर चढ नको, गारठा नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. लाउरीला, तिच्या मुलीला, तिने सांगितलंय की यंदा आम्ही सरोवराकाठी घर घेऊन आठवडाभर पत्ते खेळणार आहोत. पत्ते खेळताना हात गारठू नयेत म्हणून लाउरीने नाताळला हातमोजे विणून दिलेत. करडे, मनगटावर लाल रेघ.

मी म्हटलं, बेथनला सांगू या. एलेरी म्हणाली, "सांग. ती मला पहिल्या स्टेशनवर गाडीत बसवील आणि वरून शिट्टी मारील." तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेली बाई आहे ती. ऑपरेशननंतर सायकल मिळेल की नाही, कुणी सांगत नाही. एवढी एकदा जाऊ दे, म्हणाली. शपथ घ्यायला लावली – सिस्टर इटाची! आम्ही दोघी हसलो. मी शपथ घेतली.

 

२८ डिसेंबर, शुक्रवार. बेटूस

सबंध दिवस नदीकाठचा सपाट रस्ता. तरीही एलेरी माझ्याही मागे पडत होती. बेथनने दोनदा सुनावलं, टपाल असं वाटायचीस का गं, लोकांना नाताळची कार्डं ईस्टरला मिळत असतील. एलेरीने तिला जीभ दाखवली. पण ओठ निळसर होते. थंडीने सगळ्यांचेच असतात, असं मी स्वतःला सांगितलं.

पुलापाशी तिने मला हळूच विचारलं, "दिलिसचा म्हणतेस तसा माझाही म्हणशील? ओरडायला दम पुरत नाही. मी येते मागून आपली."

गंमतच वाटली आधी. तीन जाड आवाजात, चार नाकातून, पाच माझा. मेन्ना पुढून ओरडली की मागे काय चर्चचा गायकवृंद आहे का? बेथनला काहीच कळलं नाही. तिला पाच हवा असतो फक्त.

दिवसात अकरा वेळा तिची हाक मी दिली.

संध्याकाळी कावल, म्हणजे मटणाचं आणि लीकच्या जाड कांदापातीचं सूप मिळालं, वर चीज. एलेरीने अर्धा वाडगा माझ्यापुढे सरकवला. आम्ही तिचं नाव 'खादाड टपाल' ठेवलं होतं.

२९ डिसेंबर, शनिवार. बाला

पाऊस, मग गारा, मग पाऊस. सरोवर दिसलंच नाही, नुसता आवाज.

घरमालकीणबाईंनी दार उघडलं आणि पहिलं एलेरीकडेच पाहिलं. म्हणाल्या, या बाईंना शेगडीजवळ बसवा. आम्हा तिघींना काही म्हणाल्या नाहीत.

एलेरी चहाचा कप हातात धरून झोपली. कप सरळ होता, थेंबही सांडला नाही. मी तो बोटांतून सोडवला तर बोटं लाकडासारखी. मेन्ना म्हणाली, वय झालं गं आपलं. मी म्हटलं, हो.

जिन्यात बेथन भेटली तेव्हा मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ती म्हणाली, "काय गं, नेस्टा?" मी म्हटलं, उद्या हवा कशी आहे?

३० डिसेंबर, रविवार. बाला, सकाळी

पाऊस थांबलाय. डोंगर नाहीतच. ढग कुंपणापर्यंत उतरलेत. वारा नाही. घरमालकीणबाई म्हणतात, वर रस्त्यावर काच असेल – म्हणजे गोठलेलं पाणी.

न्याहारीला मत घेतलं. क्रुसाच्या खिंडीतून जायचं की मोठ्या रस्त्याने वळसा घालून? बेथन खिंड. मेन्ना वळसा. एलेरीने हात वर केला – खिंड. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण दिलिसचं मतही मीच देते. दोन मतं माझ्या हातात होती. वळसा म्हटलं असतं तर वळसा झाला असता.

एलेरीने माझ्याकडे बघितलं. मोठ्या रस्त्याने गेलो तर तिला खिंड पुन्हा दिसणार नव्हती, हे तिला माहीत होतं आणि मला.

दोन्ही मतं खिंडीला दिली.

सायकली बाहेर काढायच्यात. एलेरी हातमोजे घालतेय आणि गुणगुणतेय. इतकी खूश!

३० डिसेंबर, दुपारी साडेचार

हात लिहीत नाहीत.

३१ डिसेंबर, सोमवार. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात

ती जिवंत आहे. आधी हे लिहिते.

आता क्रमाने लिहिते. शाळेत सिस्टर म्हणायची, घाबरलात की क्रमाने सांगा.

चढावर आम्ही सगळ्याच उतरून सायकली ढकलत होतो. धुकं इतकं की पुढची मेन्ना नुसती खोकल्याने कळायची. एलेरी माझ्यामागे. सुरुवातीला तिच्या चाकाची करकर ऐकू येत होती. मी मधूनमधून थांबायची, करकर जवळ आली की निघायची. असं तीन-चार वेळा झालं.

माथ्याच्या अलीकडे मेंढ्यांचं फाटक आहे. लोखंडी, जुनं, दोन दगडी खांबांत. मी पलीकडे गेले आणि फाटक धरून एलेरीची वाट बघत उभी राहिले. करकर येत नव्हती. मी हाक मारली का? मारली असावी. बोटं लोखंडाला चिकटत होती.

तेवढ्यात पुढून बेथनचा आवाज आला – एक! मग मेन्ना – दोन! आणि माझं तोंड उघडलं. तीन. चार. पाच.

पाच म्हणायच्या आधी फाटक लावायचं असतं. तेहेतीस हिवाळे मी तसंच करत आले. मी ते लावलं.

कडी पडल्याचा आवाज ऐकला मी. आणि सायकल ढकलत पुढे गेले.

ती मागे आहे हे मी विसरले नव्हते. हे मला नीट लिहायला हवं. मी विसरले नव्हते. पण तीन म्हटलं गेलं होतं, आणि तीन म्हटलं गेलं की एलेरी आहे, असं माझ्या अंगाला वाटलं. डोक्याला नाही, अंगाला. जसं चार म्हटलं की दिलिस आहे असं वाटतं.

माथ्यावर, उताराच्या तोंडाशी, पुन्हा मोजणी झाली. मी पुन्हा म्हटलं.

उतारावर काच होती. सायकली धरून, कडेच्या गवतातून, पाऊल पाऊल. अर्धा तास लागला असेल. खाली चॅपलच्या भिंतीशी थांबलो. मेन्नाने थर्मास काढला, चार कप मांडले. चौथा कप भरला आणि म्हणाली, "एलेरी कुठाय?"

बेथन म्हणाली, वरती तर होती, तीन आला की.

मी काहीच बोलले नाही. पंधरा मिनिटं आम्ही वाट बघितली. मग पहिल्यांदा मी बोलले. म्हटलं, मी परत जाते.

शेजारी शेत होतं. एम्रिस म्हणून शेतकरी, सत्तरीचा, त्याच्या जीपमधून निघालो – तो आणि मी. बेथन त्याच्या घरून फोन लावायला राहिली, मेन्ना रस्त्यावर, एलेरी आलीच तर म्हणून. एम्रिस चाकांना साखळ्या बांधून इतका हळू चालवत होता की मला उतरून पळावंसं वाटत होतं. फाटकाशी तो थांबला. गाडीत शेजारी बसलेल्याने उतरून फाटक उघडायचं असतं, म्हणून मी उतरले.

एलेरीची सायकल पलीकडून फाटकाला टेकवलेली होती. नीट, हँडल सरळ करून. टपाल टाकायला गेल्यावर ती टेकवायची तशी. खांबावर तिचा डावा हातमोजा होता. कडी उघडायला तिने काढलेला.

मी कडी ओढली, हलेना. एम्रिस मागून आला, त्याने फाटक खांद्याने वर उचललं आणि ढकललं. म्हणाला, "गारठलं की असं करावं लागतं. बाहेरच्याला माहीत नसतं."

ती भिंतीच्या आडोशाला बसली होती. गुडघे जवळ घेऊन, हात काखेत. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाही. आम्ही तिला उचललं. किती हलकी! मोजा मी केव्हा खिशात घातला ते आठवत नाही.

खाली बेथनने विचारलं, कुठे सापडली? एम्रिस म्हणाला, फाटकाच्या पलीकडे. बेथनला कळेना. फाटकानंतर तर दोनदा तीन आला. मग ही परत का फिरली? ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मोजा पडला असेल. तो शोधायला फिरली असेल."

खरंच एका हातात मोजा नव्हता. सगळ्यांनी पाहिलं.

एम्रिस हातातल्या टोपीच्या अस्तराकडे बघत राहिला. फाटक बंद होतं हे त्याने पाहिलंय.  मी बोलेन म्हणून थांबला असावा.

अँब्युलन्सने एलेरीला इथे आणलं, आणि संध्याकाळी लाउरी आली. बेथनने तिला व्हरांड्यात घेतलं आणि सगळं सांगितलं. मी बाकावर बसून 'मोजा' हा शब्द ऐकला.

१ जानेवारी, मंगळवार

सकाळी परिचारिकेच्या लहान मुलीने प्रत्येक खाटेपाशी नव्या वर्षाचं सफरचंद ठेवलं. लवंगा टोचलेलं, तीन काड्यांच्या पायांवर उभं. एलेरीचं दोनदा कलंडलं. मी दोनदा उभं केलं.

दुपारी लाउरी चहाला गेली आणि एलेरी जागी झाली. अगदी जागी. मला म्हणाली, नाक पूस, सिस्टर बघतेय. 

मी सांगायला सुरुवात केली. फाटक मी लावलं, एलेरी. तिने बोटांनी थांबवलं.

"कडी हलेना गं," ती म्हणाली. "मोजा काढून पाहिला. हाका मारल्या, पण दम कुठे होता? आणि मग तुमची मोजणी ऐकली. दोनदा. दुसऱ्यांदा लांबून."

मी विचारलं, काय ऐकलंस?

"माझा नंबर. तुझ्या त्या जाड आवाजात." ती हसली. "वाटलं, चला, म्हणजे मी पोचलेय तुमच्याबरोबर. मग मी बसले."

सफरचंद पुन्हा पडलं. या वेळी मी उचललं नाही.

लाउरी आली तेव्हा एलेरी म्हणत होती, त्या पत्त्यांचं खोटं पोरीला सांगायचंय, जरा बरं वाटू दे. मग झोपली.

२ जानेवारी, बुधवार

झोपलीच आहे.

३ जानेवारी, गुरुवार

पहाटे सहाला गेली. लाउरी जवळ होती. मी नव्हते.

५ जानेवारी, शनिवार. घरी

पापनिवेदनाला गेले. फादर तरुण आहेत, घाईत नव्हते. मी फाटकाचं सांगितलं, शपथेचं सांगितलं, मोज्याचं सांगितलं. त्यांनी क्षमा दिली, प्रार्थना नेमून दिल्या. बाहेर आले तर पाय तितकेच जड.

क्षमा देणारं माणूस ते नव्हे. सोपं जात होतं म्हणून तिथे गेले होते.

बेथनचा फोन आला. म्हणाली, स्वतःला लावून घेऊ नकोस, तू तर सर्वांत आधी परत गेलीस. मेन्ना फोनवर नुसतीच रडते. कुणीच मला काही विचारत नाही. एकीने जरी विचारलं, नेस्टा, तीन कुणी म्हटला, तरी मी सांगेन असं वाटतं. पण त्या कशाला विचारतील? चार कोण म्हणतं हेसुद्धा त्या कधीच विसरल्यात.

९ जानेवारी, बुधवार

एलेरीच्या अंत्यविधीला गावचं चॅपल भरलं होतं. तिने टपाल दिलेली सगळी गावं आली होती. गाणी चार आवाजांत, भिंती हलतील अशी. तिसरा आवाज तिचा असायचा. तिथे मी तोंड मिटून उभी राहिले.

मागच्या बाकावर एम्रिस होता. काळा कोट, हातात टोपी. चाळीस मैलांवरून आलेला. जाताना माझ्यासमोर थांबला. हात पुढे केला, मी धरला.  मी खाली बघितलं तेव्हा त्याने हात सोडला.

नंतर चहा. तव्यावरचे बेदाण्यांचे केक, थाळ्या भरभरून. लाउरीने मला मोरीपाशी गाठलं. हातात कपांचा ढीग, मी पुसत होते, ती धूत होती. धुता धुताच म्हणाली, "नेस्टामावशी, मीच मारलं ना तिला?"

मी म्हटलं, काय बोलतेस?

"मोजे ढिले झाले होते. मला माहीत होतं. तिने घालून दाखवले तेव्हाच डावा सैल वाटला, म्हटलं नंतर उसवून नीट करीन. नीट केला असता तर पडला नसता. पडला नसता तर ती परत फिरली नसती." नळ चालूच होता. "आणि ती फिरलीच कशाला? मी विणलेला म्हणून. कुणा दुसऱ्याचा असता तर सोडून दिला असता."

लहान होती तेव्हा ती सायकलच्या पुढच्या टोपलीत बसून टपाल वाटायला यायची. माझ्या दारात पत्र टाकताना म्हणायची, मावशी, बिल आहे, रडू नको.

मी पुसलेला कप पुन्हा पुसला. म्हटलं, नाही गं, असं नाही. एवढंच म्हटलं. ती वाट बघत होती, आणखी काही म्हणेन म्हणून. मग बेथन आत आली आणि लाउरीला कुशीत घेऊन बाहेर गेली.

मोजा माझ्या कोटाच्या खिशात होता. त्याच खोलीत, खुंटीवर.

आल्यावर तो टेबलावर ठेवला. घालून पाहिला. सैल नाहीये. घट्ट बसतो, मनगटाशी तर चांगलाच. आपोआप पडणाऱ्यातला नाहीच तो. मोठ्या माणसालाही जोर लावून काढावा लागतो.

१० जानेवारी, गुरुवार. सकाळी

पोस्ट नऊला उघडतं. माझ्या वस्तू मागाहून कुणाला वाटायच्या असतील तर अशा:

सायकल मेन्नाच्या नातीला. नंबर मात्र तिला देऊ नये.

नकाशे बेथनला. पहिल्या वर्षीचा, चहा सांडलेला, तोही. तिने ही वही आधी मागितली तर देऊ नये.

एम्रिसला कडीसाठी वंगणाचा डबा. चिठ्ठी नको.

ही वही आणि डावा मोजा आज, माझ्या हाताने, लाउरीला. पोस्टाने नाही, तिच्या दारात. एकही पान फाडलेलं नाही. तीस तारखेपासून वाचलं तरी चालेल.

लाउरी, मोजा पडला नव्हता.